डिग्रीसाहेबांचा अंदाज

चहाचा कप हातात आला की सर तो लगेच ओठाला लावत नसत. मनगटाच्या आतल्या बाजूला कपाची कड टेकवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बासष्ट." मग खिशातला थर्मामीटर काढून चहात बुडवायचे. चहासाठीचा थर्मामीटर वेगळा होता, त्याला ओळखीसाठी लाल दोरा बांधलेला. बासष्ट निघालं की त्यांचा चेहरा खुलायचा. अठ्ठावन्न निघालं तर जास्तच खुलायचा, कारण चार डिग्री कुठं गेल्या याचा विचार करायला त्यांना एक विषय मिळायचा. तोवर चहा पार निवून जाई.

गिरणीतले हमाल त्यांना डिग्रीसाहेब म्हणत. मी सर म्हणायचे. मोताळ्याच्या बाहेर, मलकापूरच्या रस्त्याला सरकीच्या तेलाची गिरणी होती, तिथल्या लॅबमध्ये ते केमिस्ट होते आणि मी त्यांच्या हाताखाली. लॅब म्हणजे काय, तर पत्र्याच्या शेडला लागून एक खोली, एक लांब ओटा, एक फ्रिज, तराजू, काचेची भांडी आणि भिंतभर पेन्सिलीनं काढलेले तक्ते. शेजारच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यातून, सरकीचे ट्रक यायचे. सरकीचं तेल निघायचं, त्याची आम्लता किती, दाटपणा किती, थंडीत कधी गोठेल, हे सारं आम्ही सांगायचं. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये यासाठी महागडी यंत्रं होती. आमच्याकडे सर होते.

त्यांचे वडील साबण करायचे. चुना, कॉस्टिक सोडा आणि गिरण्यांचा गाळ, यांत लहानपण गेलं म्हणून सरांच्या बोटांची कातडी कायमची गुळगुळीत झाली होती. घरात बीएस्सी झालेले ते पहिले. मोताळ्यातलं मुसलमान घर, बोली मात्र अस्सल वऱ्हाडी, अधूनमधून उर्दूची पेरणी. सगळ्यांना ते तुम्ही म्हणायचे. शेठला, हमालांना, झाडूवाल्या बाईला, फाटकाशी झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "तुम्ही जरा तिकडं सरका," असं ते कुत्र्याला सांगताना मी पुष्कळदा ऐकलं आहे, आणि कुत्रं सरकायचं.

माझी मुलाखत अशी झाली. बुलढाण्याहून नुकतीच बीएस्सी करून आले होते. गिरणीत तोवर बाईमाणूस म्हणजे सरकी निवडायला येणाऱ्या मजूरणीच. सरांनी दोन बाटल्या समोर ठेवल्या. एक सरकीचं तेल, एक सोयाबीनचं. विचारलं, यातलं आधी कोणतं गोठेल? मी म्हटलं, फ्रिजमध्ये ठेवून पाहू या. ते शांतपणे म्हणाले, "फ्रिज तं माकडही उघडते. आधी सांगा, मंग पाहा." मी कागदावर सोयाबीन लिहिलं. बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या, आम्ही तासभर माझ्या गावाबद्दल बोलत बसलो. बाटल्या बाहेर काढल्या तर सरकीचं तेल धुरकटलेलं आणि सोयाबीनचं चांगलं पातळ. मी कागदावरचं उत्तर खोडायला पेन उचललं, पण तोवर ते कागदाकडेच पाहत होते म्हणून तशीच थांबले. ते म्हणाले, उद्यापासून या. पुष्कळ वर्षांनी कळलं, माझ्या आधी तिघांनी उत्तर बरोबर दिलं होतं. पण एकानं दुसऱ्याला विचारून दिलं आणि दोघांनी खोडून दिलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मोळ्या बांधायला लावल्या. गिरणीच्या मागं बॉयलरसाठी तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले असायचे. तूर सोंगून उरलेल्या सरळ काड्या त्या तुराट्या, आणि कपाशी उपटून वाळवली की उरतात त्या फांद्याफांद्यांच्या पऱ्हाट्या. दोन्हींची सारख्याच वजनाची मोळी बांधा, म्हणाले. तुराट्यांची मोळी घट्ट बसली, कवेत मावली. पऱ्हाट्यांची मोळी काही केल्या आवळेना. हातांना ओरखडे आले आणि मोळी फुगलेलीच. हमाल लांबून पाहून हसत होते.

"आता समजलं काऊन सरकीचं तेल पातळ राह्यते अन् वनस्पती तूप घट्ट?" सर म्हणाले. "तेलातल्या आम्लांच्या साखळ्या असतात. सरळ साखळी म्हणजे तुराटी. एकमेकीले चिपकून बसतात, सोडवायले जास्त उष्णता लागते. साखळीत जिथं दुहेरी बंध आला तिथं ती वाकते, मंग ते झाली पऱ्हाटी. साखळी किती लांब अन् किती ठिकाणी वाकडी, येवढंच मले सांगा. बाकी सारं मी अंदाजानं सांगतो."

आणि ते खरंच सांगायचे. आयोडीन किती शोषलं जातं ते मोजून तेलात वाकड्या साखळ्या किती, हे ते काढायचे. तेवढ्या एका आकड्यावरून वजन, दाटपणा, गोठण्याची पातळी, सगळं कागदावर मांडायचे. त्यांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पानावर दोन रकाने होते. डावीकडे पेन्सिलीनं अंदाज, उजवीकडे शाईनं मोजमाप. अंदाज चुकला तर खोडायचा नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं असूनही खोडायचं नाही, ही खरी शिस्त होती. मी एकदा विचारलं, मग पेन्सिल कशाला, सरळ शाईनंच लिहू. त्यावर म्हणाले, "खोडता येते अन् खोडलं नाही, यातच तं मजा आहे."

त्यांच्या सर्वांत आवडत्या चुकीची गोष्ट गिरणीत प्रत्येक नव्या माणसाला ऐकावी लागे. सोळा कार्बनचं आम्ल त्रेसष्टाला वितळतं, अठरा कार्बनचं सत्तरच्या आसपास. मग सतराचं किती? सतरा कार्बनचं आम्ल आमच्या तेलात नावालाच असतं, कपाटात ते कधी नव्हतं. तरुणपणी सरांनी सोळा आणि अठराच्या मधून सरळ रेघ ओढली आणि सहासष्ट लिहिलं. किती तरी वर्षं तो आकडा भिंतीवर होता. मग कधी तरी नागपूरच्या एका ग्रंथालयात त्यांना जाडजूड पुस्तक सापडलं आणि त्यात एकसष्ट निघालं. म्हणजे सोळापेक्षाही कमी. साखळी लांबली आणि वितळणं खाली आलं. विषम आकड्याच्या साखळ्यांची टोकं एकमेकींशी नीट जुळत नाहीत म्हणून तसं होतं, हे त्यांना तिथंच वाचायला मिळालं. येताना त्यांनी मलकापूरहून गिरणीतल्या सगळ्यांसाठी जिलेबी आणली. हमालांना वाटलं, साहेबांना मुलगा झाला. पाच डिग्रीनं चुकल्याबद्दलची जिलेबी आहे हे कळल्यावर एका म्हाताऱ्या हमालानं, आमचं तं रोजच चुकते, मंग रोजच आणत जा, असं सुचवलं होतं म्हणे.

उन्हाळ्यात ते अंगणातल्या कडुलिंबाला दोन बंद नळ्या टांगायचे. एकीत दहा कार्बनचं आम्ल, दुसरीत बारा कार्बनचं. दोन्ही मेणासारखी पांढरी. पहिली एकतीस-बत्तीसला वितळायची, तिच्याकडे कुणी फारसं पाहत नसे. दुसरी चव्वेचाळीसला वितळायची. ती पाण्यासारखी झाली की पोती उचलण्याचं काम थांबवायचं, असं सरांनी हमालांना सांगून ठेवलं होतं. शेठ चिडले. थर्मामीटर वापरा, हे काय जादूटोण्यासारखं झाडाला टांगलंय, म्हणाले. सर म्हणाले, थर्मामीटर हमालांना वाचता येत नाही, पांढरं आणि पाणी वाचता येतं. शेठ स्वतः झाडाखाली येऊन उभे राहिले, वर पाहिलं, कपाळ पुसलं आणि एसीच्या ऑफिसात परत गेले. त्या दिवसापासून काम थांबायला लागलं. पत्र्याखाली किती ताप होतो हे दाखवायला सरांनी चौदा कार्बनवालीही एक नळी आणली होती, पण ती बिचारी कधी वितळली नाही. अंदाज चुकला, असं रजिस्टरात लिहिलेलं आहे.

घरीही हेच. चाची, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायच्या, "खिचडीवर तूप वाढलं की पाह्यत बसतात. कुठपर्यंत वितळलं, कुठं थांबलं. खिचडी थंडी होते, मंग मलेच म्हणतात थंडी काऊन दिली." पण डब्यात भाकरीबरोबर तुपाची वेगळी डबी द्यायला चाची कधी विसरल्या नाहीत.

मी लागले ती वर्षं बीटी कपाशीची. आधी चोरूनमारून आलेलं बियाणं, मग उघड दुकानांतून पाकिटं, आणि बघता बघता शिवारात दुसरा वाणच उरला नाही. सुरुवातीला कापूस भरभरून आला. गिरणीच्या आवारात ट्रकांना जागा पुरेना. माझ्या वडिलांनीही सगळ्या रानात तीच लावली. लोक सरांना विचारायचे, बीटीच्या सरकीचं तेल खावं का, तिची ढेप, म्हणजे पेंड, खाऊन बकऱ्या मरतात म्हणतात ते खरं का. सर म्हणायचे, "तेलातल्या साखळ्या मी मोजल्या, त्या पहिल्यासारख्याच आहेत. बकरीचं मले माहीत नाही." हे उत्तर कुणालाच आवडत नसे. चांगलं म्हणणाऱ्यांना ते अपुरं वाटायचं आणि वाईट म्हणणाऱ्यांना पळपुटं.

मग काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली. बोंड वरून चांगलं दिसायचं, आत सडका कापूस आणि किडकी सरकी. किडक्या सरकीचं तेल आंबट येतं. बाहेर काय घडलंय ते आम्हाला ओट्यावरच्या काचेच्या भांड्यात दिसायचं, आम्लतेचा आकडा रोज वर सरकत होता. एक दिवस वडिलांनी उभ्या कपाशीत मेंढरं सोडली आणि घरी येऊन न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर सरांनी आम्लतेचा आकडा विचारला नाही. विचारलं, बाबा जेवले का. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी तोच प्रश्न. हो म्हटलं की ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. वडिलांना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात ती भानगड झाली.

सरकीच्या तेलात सरळ साखळ्या बऱ्यापैकी असतात, त्यामुळं ते थंडीत गोठू लागतं. म्हणून बाजारात धाडायच्या आधी ते मोठ्या टाकीत हळूहळू थंड करतात, पांढरं जे साचतं ते गाळून काढतात. मग ते तेल थंडीतही पातळ राहतं. याला दोन दिवस लागतात आणि थंड करायचं यंत्र सलग चालवावं लागतं. त्या वर्षी लोडशेडिंग भयंकर होतं, माल कमी होता, आणि शेठनी सांगितलं की हे काम यंदा राहू द्या. सरांनी लेखी हरकत घेतली. शेठनी कागद खणात ठेवला.

डिसेंबरात थंडी पडली आणि दुकानादुकानांत डब्यातलं तेल घट्ट झालं. त्या वर्षी लोकांचा कशावरच भरवसा उरला नव्हता. बियाणं फसलं होतं, फवारणीचं औषध फसलं होतं, मग तेलावर कोण विश्वास ठेवणार? आधी म्हणाले, बीटीच्या सरकीचा गुण आहे. मग कुणी तरी म्हणालं, तेलात चरबी आहे. आणि हा शब्द आमच्या भागात एकटा फिरत नाही. दोन दिवसांत त्याला, गिरणीत केमिस्ट कोण आहे, हा प्रश्न येऊन चिकटला. कुणी तरी फाटकावर दगड मारला. चाचींनी भाजीला बाहेर जाणं बंद केलं.

शेठ म्हणाले, अकोल्याच्या लॅबकडून दाखला मागवू. सर म्हणाले, तो यायला आठ-दहा दिवस लागतील, आणि परवा बाजार आहे. मी स्वतः बाजारात बसतो. शेठ कबूल झाले. मग आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी बजावलं की चरबी नाही एवढंच सांगायचं. थंड करायचं काम राहिलं, हा विषय काढायचा नाही. विचारलंच तर यंदा थंडी जास्त आहे म्हणायचं. सर खिशातला थर्मामीटर काढून पुसू लागले. मी हो म्हटलं.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात भज्यांची गाडी लावणारी एक मावशी होती. सगळ्यांत जास्त ओरड तिचीच, कारण सकाळी कढईत ओतायला तेलच बाहेर येत नव्हतं. सर नेमके तिच्या गाडीशेजारी जाऊन बसले. स्टोव्ह, भांडी, थर्मामीटर, सारं मांडलं. तेल तिच्याच डब्यातलं घेतलं. सगळ्यांसमोर कॉस्टिक घालून त्याचा साबण केला, आम्ल टाकून साबण फोडला आणि वर तरंगणारी तेलाची आम्लं वेगळी काढून घेतली. याला दुपार झाली. तोवर बाजार निम्मा तिथंच गोळा झाला होता. पोलीस पाटीलही येऊन उभे होते.

मग सरांनी एका चिठ्ठीवर आकडा लिहिला, घडी केली आणि मावशीच्या हातात दिली. ही आम्लं थंड होता होता ज्या डिग्रीवर गोठतील तो आकडा आत आहे, म्हणाले. नुसती सरकी असेल तर तेवढ्यावर गोठतील. चरबी असेल तर त्याच्या आधीच, नुसती चरबी तर पंचेचाळिसाच्या आसपास. हे कशावरून, असं एकानं विचारलं. सरांनी दुसरी नळी काढली. आदल्या दिवशी बकऱ्याची चरबी आणून तिची आम्लं तयार केली होती. तिचा थर्मामीटर वेगळा, काडी वेगळी. कुणी तिला हात लावू नका, म्हणाले, ज्यांना चालत नाही त्यांनी लांबूनच बघा. पोलीस पाटलांनी स्वतः थर्मामीटर वाचला. चव्वेचाळीसवर ती नळी पांढरी झाली.

आता मावशीच्या तेलाची नळी. मी ढवळत होते आणि पोलीस पाटील मोठ्यानं आकडे वाचत होते. पंचेचाळीस गेलं, नळी पातळच. चाळीस गेलं. छत्तीस, पस्तीस, चौतीस. मावशीनं चिठ्ठी उघडून पाहिली आणि हळूच म्हणाली, "चौतीस लिवलं हाय. हे तं अजून पातळच हाय." पारा तेहतीसवर आला, बत्तीसवर आला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. सर एकदाही हलले नाहीत. मग नळीत धुकं पडल्यासारखं झालं आणि पोलीस पाटील वाचता वाचता थांबले. पारा वर चढत होता. तेहतीस. चौतीस. थंड होत चाललेली वस्तू आपोआप तापताना त्या माणसांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पस्तीसवर पारा थांबला आणि नळी पांढरीफेक झाली.

सर म्हणाले, गोठताना साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि आतली उष्णता बाहेर सोडतात, म्हणून पारा चढला. तो चढून जिथं थांबला तोच खरा आकडा. आणि मग म्हणाले, "मी चौतीस सांगतलं होतं, पस्तीस निघालं. एका डिग्रीनं चुकलो." पोलीस पाटलांना हे सांगायची गरज काय ते कळेना. मावशी मात्र म्हणाली, "माह्या मिठातबी येवढं तं चुकते." लोक हसले. चरबीचा विषय तिथंच संपला.

आम्ही आवरायला लागलो, तेवढ्यात मावशीनं मला धरलं. मी त्याच भागातली मुलगी, तिनं मला परकरात पाहिलेलं. "तू सांग बाई," ती म्हणाली. "चरबी नाही, मानलं. पण मंग याच वर्षी काऊन गोठलं? दरसाल तं नाही गोठत."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खाली पाहिलं आणि म्हटलं, "यंदा थंडी जास्त आहे मावशी."

"नाही," सर म्हणाले. "थंडी तेवढीच आहे. दरवर्षी आम्ही तेल थंड करून गाळतो, यंदा गाळलं नाही. तेल खायले चांगलं आहे, पण काम आम्ही अर्धं केलं. चूक गिरणीची आहे."

दुसऱ्या दिवशी शेठनी त्यांना बोलावलं. भांडण झालं नाही, आवाज चढले नाहीत. सर लॅबमध्ये आले, भिंतीवरचे तक्ते तसेच राहू दिले, रजिस्टर ओट्यावर ठेवलं आणि डबा घेऊन निघाले. हमाल फाटकापर्यंत गेले. मी ओट्यापाशीच उभी राहिले. त्या महिन्याअखेर त्यांची खुर्ची मला मिळाली. मी ती घेतली. घरी वडिलांचं रान मोकळं पडलं होतं, हे कारण मी स्वतःला सांगत असे, आणि ते खरंही होतं. पण खुर्चीत बसताना ते पुरायचं नाही.

सर आणि चाची देऊळगाव राजाला चाचींच्या माहेराजवळ राहायला गेले, असं कळलं. मी गेले नाही. फोनही केला नाही. दोन हिवाळे गेले. पहिल्या वर्षी माल इतका थोडा होता की प्रश्नच आला नाही. दुसऱ्या वर्षी जानेवारीत शेठ लॅबमध्ये आले, टँकर उभा होता, टाकीतलं तेल अजून थंड व्हायचं होतं. माल बाहेर सोडायच्या कागदावर सही करा म्हणाले. मी म्हटलं, नाही करणार. ते म्हणाले, तुमच्या जागेवर बसायला पुष्कळ लोक आहेत. मी म्हटलं, असतील. टँकर दोन दिवस उभा राहिला. शेठ माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत, पण मला काढलंही नाही. का, ते मला अजून माहीत नाही. कदाचित मावशीची आणि तिच्या भोवतीच्या बाजाराची त्यांना आठवण राहिली असेल.

त्या रविवारी मी बुलढाण्यावरून देऊळगाव राजाची बस धरली. बालाजीच्या देवळाच्या मागच्या गल्लीत विचारत गेले तर सगळ्यांना घर माहीत होतं, कारण गल्लीत साबणाचा वास भरलेला होता. अंगणात सात-आठ बाया बसल्या होत्या, आसपासच्या खेड्यांतल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे पुरुष कापूस सोडून सुरतेला, पुण्याला कामाला गेलेले. सर त्यांना साबण शिकवत होते. किती खोबरेल घातलं तर फेस जास्त, किती सरकी घातली तर वडी मऊ पडेल, हे आधी बोलून घ्या, मग ढवळा, असं चाललं होतं. मला पाहून ते म्हणाले, "या. हे धरा जरा," आणि ढवळायची काठी माझ्या हातात दिली. दोन तास मी ढवळत राहिले. बाया गेल्यावर चाचींनी ताटं वाढली. जेवून झाल्यावर मी बोलले.

"सर, त्या दिवशी बाजारात मी खोटं बोलले."

"हाव," ते म्हणाले. "बोलल्या."

"आणि नंतर तुमची खुर्ची घेतली."

"ते तं कोणी ना कोणी घेतलीच असती. तुम्ही घेतली ते बरं झालं." मग म्हणाले, "पण राग आला होता मले. शेठचा नाही, तुमचा. वर्षभर होता. नव्हता म्हणालो तं मीबी खोटाच होईन. मंग कमी कमी झाला. आता नाही."

चाची आतून म्हणाल्या, वर्षभर कशाचा, दीड वर्षं होता, तुमचं नाव काढलं की उठून अंगणात जायचे. सर म्हणाले, दीड असंल.

मी त्यांना टँकरचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेठ काय म्हणाले, मी काय म्हटलं, टाकी किती वेळानं थंड झाली. शाब्बासकी दिली नाही. फक्त विचारलं, "नाही म्हणतानी पाय लटपटले का?"

"लटपटले. ओटा धरून उभी होते."

सर हसायला लागले. इतके हसले की चाची पदर सावरत बाहेर आल्या. "माहे बी लटपटत होते त्या दिवशी," ते म्हणाले. "तुम्हाले वाटलं असंल, सर किती निवांत बसले. उठता येत नव्हतं म्हणून बसलो होतो."

पुढं सात वर्षं मी तिथं जात राहिले, ते गेले त्या महिन्यापर्यंत. पण मला आठवते ती पहिली परतीची बस. स्टँडपर्यंत ते सोडायला आले, खिडकीपाशी उभे राहिले, घरी पोचल्यावर फोन करा म्हणाले. गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली तरी माझं हसू थांबेना. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, एवढं काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमचे सर भेटले.